मुरबाडच्या दवाखान्यात गाय, मांजर आणि कोंबडी एकाच दारातून येतात

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडसारख्या तालुक्याच्या गावी जनावरांचा डॉक्टर सगळ्यांचा मिळून एकच असतो. सकाळी टोकावड्याकडून म्हशीसाठी फोन येतो. दुपारी एमआयडीसीतल्या कुणाचा तरी लॅब्राडोर उलट्या करत येतो. बाजाराच्या दिवशी पाटीत झाकून आणलेली गावठी कोंबडी असते आणि संध्याकाळी पोरं शर्टात गुंडाळलेलं मांजराचं पिल्लू घेऊन दारात उभी राहतात. ठाण्या-मुंबईकडे कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वेगळे आणि घोड्यांचे डॉक्टर वेगळे. मुरबाड-शहापूरकडे तशी सोय नाही.

लोकांना वाटतं, अशा डॉक्टरला खूप जनावरांचे खूप आजार पाठ असतात. पाठांतर लागतंच, पण खरं कौशल्य दुसरीकडे आहे. एका जनावराचा नियम दुसऱ्या जनावराला लावायचा नाही, हे भान दिवसभर सुटू न देणं, हे या कामातलं सगळ्यात अवघड. मालकांच्या हातून जनावरं दगावतात तीही बहुतेक वेळा इथेच चूक झाल्यामुळे. माणसाची गोळी मांजराला दिली जाते, गाईचं इंजेक्शन कुत्र्याला टोचलं जातं, गाईची बाटली शेळीला पाजली जाते. म्हणून हे जरा सविस्तर सांगायला हवं.

अगदी साध्या तापापासून बघा. निरोगी गाईचं तापमान साधारण 101.5 अंश फॅरनहाइट असतं, कुत्र्याचं 101 ते 102.5, शेळीचं त्याहून थोडं जास्त आणि कोंबडीचं 106 ते 107. म्हणजे कोंबडीचं रोजचं तापमान गाईला असेल तर गाय मरणाच्या दारात आहे. आपलं अंग 98 च्या आसपास, त्यामुळे आपल्या हाताला यातलं प्रत्येक जनावर गरमच लागणार. ‘डॉक्टर, अंग तापलंय’ असं कुणी फोनवर सांगितलं, तर पुढचा प्रश्न असतो, ‘थर्मामीटर लावला का?’ साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात नीट लावून मिनिटभर धरला की आकडा कळतो. गोठ्यात तो एक टांगून ठेवलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

आता पोट. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. इडलीचं पीठ रात्रभर आंबतं तसं या कप्प्यात चारा अहोरात्र आंबत असतो. गवत पचवायची ताकद गाईत नाही, ती तिच्या पोटातल्या अब्जावधी सूक्ष्मजीवांत आहे. गाय त्यांना चारा, पाणी आणि ऊब देते आणि ते तिला पचलेलं अन्न देतात. आंबताना वायू तयार होतो आणि तो ढेकरांतून सतत बाहेर पडत राहतो. गोठ्यात आल्यावर डॉक्टर डाव्या कुशीत मूठ दाबून ठेवतो किंवा नळी लावून ऐकतो, ते याच पोटाची हालचाल मोजण्यासाठी. दर दोन मिनिटांत साधारण तीन वेळा ते घुसळलं जायला हवं. हालचाल थांबली, रवंथ बंद पडला, की बाकी काही दिसत नसलं तरी जनावर आजारी आहे.

हे सूक्ष्मजीव समजले की गाईच्या कितीतरी आजारांचा उलगडा होतो. लग्नसराईत आमच्याकडे ठरलेली केस येते ती उरलेल्या जेवणाची. टोपभर भात, पुऱ्या, जिलेबी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून गाईपुढे ओततात. देणाऱ्याची भावना चांगली असते, पण पोटात जे घडतं ते भयंकर असतं. एरवी गवतावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांना अचानक ढीगभर पिष्ट आणि साखर मिळते. त्यावर वाढणारे आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने फोफावतात, कोटीपोट आंबट होतं आणि नेहमीचे जिवाणू मरतात. ते आम्ल शरीरातलं पाणी पोटात ओढून घेतं. त्यामुळे पोटात पाणी डुचमळतं आणि तरीही गाईचे डोळे खोल गेलेले असतात. अशी गाय एका दिवसात जाऊ शकते. तोच भात कुत्र्याने खाल्ला तर तो झोप काढतो आणि विषय संपतो.

पावसाच्या सुरुवातीला कोवळं ओलं गवत हावरेपणाने खाल्लं की उलट प्रकार होतो. वायू फेसात अडकतो आणि ढेकर येत नाही. डावी कूस पाठीच्या वर फुगते आणि फुगलेलं पोट फुप्फुसांवर दाब देतं. अशा वेळी घरात घाईघाईने तेल पाजतात. तेलाने फेस मोडतो हे खरं, पण मान वर ओढून आणि जीभ धरून पाजलं तर तेल श्वासनळीत जातं. मग पोटफुगीतून वाचलेली गाय आठवड्याने न्यूमोनियाने जाते. पाजायचंच असेल तर डोकं तिच्या पाठीच्या रेषेच्या वर न्यायचं नाही, थोडं थोडं पाजायचं आणि खोकली की लगेच सोडून द्यायचं.

तारेचं दुखणं वेगळंच. गाय चारा चघळून न बघता गिळते, निवांत रवंथ करताना तो चघळते. त्यामुळे पेंढ्याबरोबर खिळा किंवा बांधकामाची तार सहज आत जाते. ती दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात पडते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पोट आकुंचन पावताना तार पुढे सरकली तर ती थेट हृदयाच्या आवरणात घुसते. अशी गाय उतारावरून चालायला कुरकुरते, कोपरं बाहेर काढून उभी राहते आणि छातीखाली सूज येते. म्हणून काही ठिकाणी गाईला लोहचुंबक गिळवतात. तो आयुष्यभर पोटात राहतो आणि लोखंड धरून ठेवतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर मात्र चुंबकाचा उपाय नाही. त्या साचत जातात आणि शेवटी पोट उघडून काढाव्या लागतात. गावाच्या वेशीवर कचरा टाकणाऱ्या प्रत्येकाने ही शस्त्रक्रिया एकदा उभं राहून बघावी.

हेच पोट औषधाची वाटही ठरवतं. कुत्र्याला प्रतिजैविकाची गोळी तोंडाने देतात. मोठ्या गाईला तीच तोंडाने दिली तर आधी तिच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, म्हणून तिला सुई टोचतात. कुत्रा किती वेळा ओकला हे विचारणं फार मोलाचं असतं, गाईच्या बाबतीत त्या प्रश्नाला जवळपास अर्थ नाही.

पण एका जनावराचा नियम दुसऱ्याला का लावायचा नाही, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण कॅल्शियमचं आहे.

जास्त दुधाची संकरित गाय व्याल्यावर पहिल्या तीन दिवसांत बसते आणि उठत नाही. दहा लिटर चिकात सुमारे 23 ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर जातं आणि ते तिच्या रक्तात एका वेळी असणाऱ्या कॅल्शियमच्या कितीतरी पट आहे. हाडांत साठा भरपूर असतो, पण तो मोकळा व्हायला एक-दोन दिवस लागतात. तोवर स्नायूंची ताकद जाते. कान थंडगार पडतात, मान वळून कुशीला लागते, शेण थांबतं आणि अंगाचं तापमान उतरतं. घरच्यांना वाटतं, बाळंतपणाचा थकवा असेल. शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू लावली, की काही वेळात अंगावर थरथर येते, गाय ढेकर देते, शेण टाकते आणि बऱ्याचदा तिथल्या तिथे उठून उभी राहते. आमच्या कामात इतका लवकर दिसणारा गुण दुसरा नाही. मात्र ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा. कॅल्शियम भसकन गेलं तर हृदय थांबतं, म्हणून एक कान सतत ठोक्यांवर ठेवावा लागतो. आणि अशा गाईला तोंडाने काहीही पाजायचं नसतं, कारण गिळायचे स्नायूही लुळे पडलेले असतात.

आता पॉमेरेनियन कुत्री घ्या. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, सगळी मिळून तिचं दूध ओढताहेत, आणि तिच्याही रक्तातलं कॅल्शियम उतरतं. कमतरता तीच, कारणही तेच. पण कुत्री गळून पडत नाही. ती धापा टाकते, पाय ताठ करते, थरथरते, झटके देते आणि त्या थरथरीने तिचा ताप 105-106 पर्यंत चढतो. गाईत कॅल्शियम कमी झालं की नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. कुत्रीत निरोप पोचत राहतो, पण नसा इतक्या हळव्या होतात की त्या विनाकारण पेटत राहतात. एक जनावर थंड आणि लुळं, दुसरं तापलेलं आणि ताठ. दोघांनाही औषध कॅल्शियमच. फक्त लक्षणं पाठ करणारा माणूस इथे हमखास फसतो.

औषधांची गोष्ट याहून नाजूक आहे. घरात ताप-अंगदुखीसाठी असते ती पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या यकृतात ती निरुपद्रवी करून बाहेर टाकणारी जी यंत्रणा आहे, ती मांजरात फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी दिसू लागतात, तोंड सुजतं. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिलं तर जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात त्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. ते कुत्र्याला चालतं, मांजराला झटके आणतं. शेळीचं शरीर काही जंतनाशकं गाईपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून वजनाच्या हिशेबाने तिला मात्रा जास्त लागते. गाईचाच हिशेब लावला तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. गुंगीच्या झायलाझिनचं याच्या उलट आहे. घोड्याच्या मात्रेच्या दहाव्या भागात गाय आडवी होते.

कधी कधी गाईला सोसणारं औषध तिसऱ्याच कुणाला भोवतं. डायक्लोफिनॅक गाईच्या सांधेदुखीवर स्वस्त आणि गुणकारी होतं. पण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत. भारतात जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि जनावरांना तितकंच लागू पडतं. कुणी मेडिकलमधून माणसाचं डायक्लोफिनॅक आणून गाईला टोचा म्हणालं, तर आम्ही टोचत नाही.

मात्रा वजनावर ठरते या नियमालाही एक अपवाद आहे, आणि पावसाळ्यात तो नेहमी समोर येतो. घोणस किंवा फुरसं चावलेल्या कुत्र्याला सापाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, देताना कुत्र्याचं वजन बघत नाहीत. सापाने टोचलेलं विष छोट्या कुत्र्यात कमी नसतं, म्हणून ते मारायला लस तेवढीच लागते. किंबहुना लहान अंगात त्याच विषाचा मारा जास्त बसतो. आपल्याकडे मिळते ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. पायाला आवळपट्टी बांधून आणू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून आणा.

रोगनिदानाला मोठी यंत्रं लागतात असा समज आहे. तालुक्याच्या दवाखान्यात साध्या सूक्ष्मदर्शकाचा उपयोग फार मोठा असतो. म्हशीला लाल लघवी झाली की घरात घबराट होते. आपल्या कोकणपट्टीत याची दोन मोठी कारणं. भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या म्हशीला स्फुरद (फॉस्फरस) कमी मिळतं, व्याल्यानंतर ते आणखी उतरतं, रक्तपेशी कमजोर होऊन फुटतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. दुसरं कारण गोचिडांमधून शिरणारे बबेसियाचे परजीवी. तेही रक्तपेशी फोडतात. पहिल्याला स्फुरदाचं इंजेक्शन, दुसऱ्याला परजीवी मारणारं औषध. ताप आहे का, व्याली कधी, गोचीड आहेत का, हे विचारायचं आणि कानातून थेंबभर रक्त घेऊन काचेवर बघायचं. तोच गोचीडताप कुत्र्यातही येतो. पावसात लाल किंवा गडद पिवळी लघवी दिसली तर लेप्टोचीही शंका घ्यावी लागते, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा तो आजार कुत्र्याकडून मालकाकडे जाऊ शकतो.

माजावर आलेल्या गाईसाठी फोन येतो तेव्हा सगळं वेळेवर अवलंबून असतं. रेतनाच्या कांड्या उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात. कोमट पाण्यात त्या वितळवल्या की फार वेळ थांबता येत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो. ती ओरडत नाही, उड्या मारत नाही, फक्त सोट (चिकट स्राव) टाकते, दूध जरा कमी देते, आणि हा माजही बहुधा रात्रीच दिसतो. पहाटे गोठा झाडणाऱ्या बाईच्या नजरेला हे आधी पडतं. म्हणून आम्ही माजाची विचारपूस घरातल्या काकींकडेच करतो. एकवीस दिवसांनी जनावर उलटलं नाही, म्हणजे पुन्हा माजावर आलं नाही, तरी गाभण आहेच असं धरू नका, दोन-तीन महिन्यांनी तपासून घ्या.

कोंबड्यांच्या बाबतीत डॉक्टरची नजरच बदलते. मेलेली एक कोंबडी हा तिथे निरोप असतो, रुग्ण म्हणजे मागे राहिलेला सगळा खुराडा. ती उघडून आतडी, जठर, श्वासनळी बघतात आणि उरलेल्यांचं काय करायचं ते ठरवतात. मानमोडी (राणीखेत) शिरली तर दोन-चार दिवसांत अंगण रिकामं होतं आणि तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिसरातल्या कोंबड्या नष्ट करायचा निर्णय झाला. ज्यांची कोंबडी धडधाकट होती, त्यांना तो फार लागला. पण विषाणूची साखळी तोडायची तर तिथे एकेका पक्ष्याचा विचार करता येत नाही. एकदम खूप कोंबड्या मेल्या तर त्या उघडू नका, शेजारी वाटू नका, विकू नका, दवाखान्याला कळवा.

गुरांच्या लसींचा हंगाम पावसाच्या तोंडावर असतो, घटसर्प आणि फऱ्या यांसाठी. 2022 मध्ये लम्पीने महाराष्ट्रभर गुरं घेतली, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. इथे एका जनावराचं औषध दुसऱ्याला चाललं, पण ते तपासून आणि कारण माहीत असताना.

पैशांबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात. शेळीच्या उपचाराला शेळीच्या किमतीएवढा खर्च येणार असेल, तर ठाकूरवाडीतल्या माणसाने ‘डॉक्टर, राहू द्या’ म्हटलं म्हणून तो निर्दय होत नाही. त्याच्याकडे त्या पैशात घर चालवायचं असतं. आमचं काम हे की काय वाचू शकतं, कितीत आणि किती खात्रीने, हे सुई भरण्याआधी स्पष्ट सांगायचं. सरकारी दवाखाना इथे फार मोठा आधार आहे. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुवैद्यकीय पदवीचा डॉक्टर असतो, श्रेणी दोनमध्ये पशुधन पर्यवेक्षक. 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलावता येतं. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करणाऱ्याची नोंदणी असावी लागते आणि ती आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. हाड मोडलेलं कुत्रं किंवा मोठी शस्त्रक्रिया आमच्या आवाक्याबाहेर असेल, तर आम्ही कल्याण, ठाणे किंवा परळला पाठवतो. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं आहे.

प्रतिजैविक टोचलेल्या गाईचं दूध किती दिवस डेअरीत घालायचं नाही, ते औषधाच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं. कासदाहाची ट्यूब एकाच सडात सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं.

सगळ्यात शेवटी पिसाळलेली गाय, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. पिसाळलेलं कुत्रं लोकांना ओळखू येतं. गाय पिसाळली आहे, हे डोक्यातही येत नाही. ती लाळ गाळते, चारा तोंडात घेते पण गिळत नाही, आवाज घोगरा होतो, वारंवार हंबरते. घरातला जाणता माणूस म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय, आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. हाताला ओरखडा असला की रेबीजच्या विषाणूला वाट मिळाली. लाळ गळणारी आणि गिळता न येणारी कुठलीही गाय-म्हैस आली, की आम्ही आधी विचारतो, ‘काका, मागच्या काही महिन्यांत गोठ्यात कुत्रं शिरलं होतं का?’ मग हातमोजे चढवतो आणि लांबूनच बघतो. शंका पक्की वाटली, तर गाईवर उपचार नाही. त्या दिवशी खरं काम माणसांचं असतं. कुणी तोंडात हात घातला, कुणी लाळ पुसली, कुणी धार काढताना जखमेला लावून घेतली, हे एकेकाला विचारून नावं लिहून घेतो. सगळ्यांना साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं हात धुवायला लावतो आणि ती यादी देऊन त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात लशीसाठी पाठवतो.